वळशाचा तांदूळ

बालाघाट, २९ जानेवारी २०२५

मयुरी,

हे पत्र कामाचं आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचू की नको असा विचार करत बसू नको.

आपला तांदूळ पहिल्यांदाच देशाबाहेर चालला. वासाचा चिन्नोर, एक डब्बा भरून. डब्बा म्हणजे कंटेनर, हे तुले मी काय सांगावं. नागपूरहून रेल्वेनं मुंबईच्या बंदरावर गेला आणि काल जहाजावर चढला. घेणारा इंग्लंडातल्या लेस्टरचा किराणावाला आहे, राजेंद्रभाई नावाचा गुजराती माणूस. जहाजात माल लावून देणारा नागपूरचा गजेंद्र, त्यानं सगळे कागद केले. त्यानं फोनवर जहाजाचं नाव सांगितलं तशी तुझी माय हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आली. तुझंच जहाज. एवढा समुद्र, एवढी जहाजं, अन् माझा डब्बा तुझ्याच डोक्यावर. योगायोग म्हणायचा, दुसरं काय.

तर काम असं की डब्ब्याकडे लक्ष ठेव. थर्ड इंजिनियर खाली इंजिनखोलीत असते आणि डब्बे वर असतात, हे मले माहीत आहे. तरी ठेव.

लाल समुद्रात जहाजांवर गोळे पडून राह्यले म्हणून बहुतेक कंपन्या आता आफ्रिकेले वळसा घालून जातात. एखादी अजून जवळच्या रस्त्यानं जाते, लवकर पोचवते. मी लांबून जाणारं जहाज घेतलं. भाडं परवडलं. परवा लालबर्र्याले राइस मिलवाल्यांची बैठक झाली, तिथं जो तो या वळशाले शिव्या देऊन राह्यला होता. कोणाचा माल अडकला, कोणाचं गिऱ्हाईक तुटलं. मी एकटा गप्प बसलो तर बरं दिसत नाही म्हणून मीही दोन शिव्या दिल्या.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहे, म्हणून कागदावर लिहितो. माय फोटो काढून तिच्या फोनवरून पाठवेल. कोपऱ्यात तिचा अंगठा आला तर ती तिची सही समज. मराठीत लिहून राह्यलो, कारण घरातलं बोलणं मले हिंदीत लिहिता येत नाही. तुले हिंदी सोपी जाते, तू हिंदीत लिही. नाही लिहिलं तरी डब्बा पोचेलच.

एक विचारायचं राहिलं. माझा लांब पेचकस, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, तू गेली तेव्हापासून सापडत नाही. संशय घेत नाही, विचारतो.

माल पाठवणारा,
सुखराम


बालाघाट, १७ फेब्रुवारी

मयुरी,

मागचं पत्र तू वाचलं. माय म्हणते, निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही आलं. पण मी व्यापारी माणूस आहे, माल पोचल्याची खूण आली तरी मले पुरते.

दर रविवारी तुमचं माय-लेकीचं बोलणं होते. ती स्वयंपाकघराचं दार लोटून फोन स्पीकरवर ठेवते, मी ओसरीत पेपर धरून बसतो. गिरणी सुरू असते, म्हणून तिले वाटते मले काही ऐकू येत नाही. या कानांनी मी सारी उमर धान भरडणाऱ्या हॉलरच्या धडधडीतून कणी किती पडून राह्यली ते ऐकलं. त्यायले एक दार काय अडवते. तर मले सगळं माहीत आहे. तुले खोकला झालता, तो गेला. जहाजावरचा स्वयंपाकी वरणात साखर टाकते. अन् मागच्या रविवारी तू विचारलं, "माय, बाबानं नवा तांदूळ तं नाही ना भरला?"

माय म्हणली, "मले का मालूम. त्यायलेच विचार."

मग तू जेवणाचं विचारलं.

तांदूळ चांगला आहे एवढंच सांगतो. डब्ब्याचं दार लावताना हमाल म्हणला, "शेठ, वासानंच भूक लागली."

गिरणीवरचा बोर्ड तसाच आहे. 'सुखराम एण्ड बेटी राइस मिल'. तू मरीन इंजिनियरची परीक्षा पास होऊन घरी आली त्या सकाळी मी तो रंगवून घेतला होता, पेंटरले डबल पैसे देऊन. तू खाली उभी राहून वर पाहिलं आणि म्हणली, "बाबा, मले न विचारता मले भिंतीवर काहून टांगलं?" त्याच महिन्यात तू जहाजावर गेली. मी स्टेशनवर आलो नाही. तेव्हापासून आपण बोललो नाही, ह्या गोष्टीले तीन वर्षं होत आली. कोणाचं चुकलं ते काढायले हे पत्र नाही, हे कामाचं पत्र आहे. लांजीचा धानवाला आला की दर खेपी मान वर करते अन् विचारते, "सेठजी, बेटी कब बैठेगी गद्दी पर?" मी सांगतो, "खरेदीले गेली आहे." तो म्हणते, "बड़ी लंबी खरीदी है."

गजेंद्रनं माझ्या फोनवर जहाज दाखवणारं काहीतरी बसवून दिलं. निळा समुद्र आणि त्यात हिरवा ठिपका. तो आफ्रिकेच्या अंगाअंगानं खाली उतरून राह्यला आहे. मी मधूनमधून पाहतो. तांदळाची काळजी, दुसरं काही नाही. माय म्हणते मधूनमधून नाही, जेवताना ताटाशेजारी ठेवून पाहता. तिचं काही खरं धरू नको.

सुखराम


बालाघाट, १ मार्च

मयुरी,

ठिपका थांबला आहे.

कालपासून तिथंच आहे. बंदर नाही, काही नाही, नुसतं पाणी. मले वाटलं फोन अडकला. बंद करून सुरू केला. मग मायच्या फोनवर पाहिला. तिथंच. गजेंद्रले फोन लावला तर म्हणते, "काकाजी, जहाज थांबत असते. वारा असते, पुढं जागा नसते. आणि तुमच्या मालाचा विमा हाये, घाबरता काहून?"

मी फोन ठेवून दिला. त्याले काय सांगू, माझ्या कोणत्या मालाचा विमा आहे आणि कोणत्या नाही.

मायचा फोन तुले लागत नाही. ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली आहे. तो तांदूळ मशीनमधून साफ होऊन आला, त्यात निवडायले काही नाही. तिले मी तसं म्हणलं नाही.

आपलं घर गिरणीच्या मागं, तुले आठवत असेल. तू झोळीतली असताना हॉलर धडधड करायचा, भिंती हलायच्या, आणि तू निवांत झोपायची. लाईट गेली, गिरणी थांबली, की तेवढ्यात डोळे टक्क. माय म्हणे, पोरगी आवाजानं नाही उठत, आवाज थांबला की उठते. आम्ही हसायचो. काल तो ठिपका थांबला तेव्हा मले समजलं, ते उठणं कसं असते.

भाडं परवडलं म्हणून लांबचं जहाज घेतलं असं मी लिहिलतं. ते खोटं. लांबच्या रस्त्यावर गोळे पडत नाहीत. बैठकीत सगळे वळशाले शिव्या देत होते, तेव्हा मी तोंडानं त्यायच्यासोबत होतो, आणि मनात म्हणत होतो, जा बाप्पा, लांबूनच जा, हवं तर दोनदा वळसा घाल. अन् आता त्या लांबच्या रस्त्यावरच ठिपका उभा राह्यला.

डब्ब्याचं राहू दे. तू ठीक आहे एवढं मायले कळव. मले नको कळवू, मायले कळव.

सुखराम


बालाघाट, ६ मार्च

मयुरी,

आज माय दार लोटायचं विसरली. किंवा विसरली नाही.

ओसरीत बसून मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का ते पाहा. इंजिनात हवा कोंबणारा पंखा असते, टर्बोचार्जर. त्याचं बेअरिंग जाऊन राह्यलं होतं. काटे सगळे ठीक दाखवत होते. तुझी ड्यूटी होती, तुले आवाजात बारीकशी खरखर वाटली. तू पेचकसाचं टोक लोखंडाले टेकवलं, मूठ कानाले लावली आणि चीफले बोलावलं. त्यानंही कान लावला आणि म्हणला, इंजिन बंद करा. उघडलं तर आतलं बेअरिंग खाऊन गेलतं. तसंच चालवलं असतं तर पंखा फुटून त्याचे तुकडे इंजिनखोलीभर उडाले असते, आणि खोलीत तुम्ही. मग इंजिन बंद, फोनची लाईन बंद, अन् समुद्रात नुसतं डोलत राहणं, दुसरं जहाज येऊन ओढून डर्बनच्या बंदरात नेईपर्यंत.

हे सगळं तू हसत सांगितलं. मायही हसत ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली.

"ऐकलं ना सगळं?"

"काय ऐकलं? मी पेपर वाचून राह्यलो."

"पेपर उलटा हाये तुमचा. तुमचा पेचकस तिच्यापाशी हाये म्हणते."

मी म्हणलं, "मले संशय होताच."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता तिचं हसणं वेगळीकडे जायले लागलं, तेव्हा मी उठून गिरणीत गेलो. मोठ्या मोटरच्या बेअरिंगले कान लावून उभा राहिलो. दुर्गाबाई, नमुन्याचा भात शिजवणारी, ती बाजूनं जाता जाता थांबली. "शेठ, मोटरले का झालं?"

"काही नाही झालं," मी म्हणलं. "बरी आहे. एकदम बरी आहे."

लहानपणी मी तुले स्टुलावर उभी करून मोटरचं ऐकायले लावायचो, तेव्हा माय ओरडायची, पोरीच्या कानात ग्रीस जाईल. आता तिले विचारतो, जाऊ दिलं ते बरं केलं की नाही.

पंखा यायले वेळ लागेल असं तू म्हणली. सगळीच जहाजं लांबून पळून राह्यली, सगळ्यायचीच इंजिनं थकली, आणि कारखान्यात सुट्या भागांची रांग लागली. लागू दे. बंदरात आहे तेच बरं. ठिपका आता जमिनीले चिकटला आहे. पाहायले लय बरं वाटते.

पेचकस तुझ्यापाशीच राहू दे.

सुखराम
(पेचकसाचा जुना मालक)


बालाघाट, २२ एप्रिल

मयुरी,

मायच्या फोनवर तुझा मेसेज आला, माझ्यासाठी. "बाबा, चावल नया था न? सच बोलिए."

एवढ्या वर्षांनी पोरगी बापाशी बोलली अन् पहिलाच शब्द आरोपाचा. मायनं दोनदा वाचून दाखवला. मग मी फोन घेऊन स्वतः वाचला. मग चहा घेतला, अन् पुन्हा वाचला.

हौ. नवा होता.

गेल्या साली चिन्नोर कमी झाला, जुना माल गोदामात उरलाच नव्हता. राजेंद्रभाईची ऑर्डर आली, तेव्हा नवं धान नुकतं बैहरकडून येऊन राह्यलं होतं. नव्या चिन्नोरचा वास तुले माहीत आहे. पहिली भरडाई झाली की घरोघर खीर होते, माणूस गेटातून आत येतायेताच विचारते, कोणाकडे शिजून राह्यलं. मले वाटलं, हा वासच पाठवावा इंग्लंडले. वासाच्या नादात मी शिजण्याचं विसरलो. लग्नाच्या पंगतीत नवा तांदूळ शिजवत नाहीत, गोळा होते, हे आपल्याकडे शेंबड्या पोराले समजते, आणि मी गिरणीवाला विसरलो. राजेंद्रभाई तर तो तांदूळ तिथल्या हॉटेलांले पुलावासाठी विकणार. डब्बा मुंबईले गेल्यावर दुर्गाबाईनं त्याच मालातला उरलेला तांदूळ शिजवला, वाटीत दाबला आणि ताटात उपडा केला. तो वाटीसारखाच उभा राहिला. तिनं बोटानं ढोसून पाहिला, पडला नाही. म्हणते, "शेठ, याच्यानं संडासाची भिंत बांधून घ्या."

फेब्रुवारीत तू मायले विचारलं, त्या रविवारीही म्हणूनच माझा पेपर उलटा झालता.

आता दुसरं. मागच्या हप्त्यात गजेंद्रचा फोन आला. म्हणते, "काकाजी, खुशखबर. ज्यायले घाई हाये त्यायचे डब्बे कंपनी डर्बनमधून दुसऱ्या जहाजावर चढवून राह्यली. हौ म्हणा, पटकन पोचते." त्याच्या आदल्या दिवशीच राजेंद्रभाईनं सुनावलं होतं, "सुखरामभाई, और रुकना पड़ा तो मैं दूसरी जगह से ले लूँगा. बुरा मत मानना." कोणताही शहाणा व्यापारी हौ म्हणला असता.

मी नाही म्हणलं.

"काहून?"

"आहे तिथं बरा आहे."

गजेंद्रनं तिकडे कागद चाळले. मग म्हणला, "काकाजी, तुमी सुरुवातीलेही असंच केलतं."

आता त्यानं तोंड उघडलंच आहे, तर माझ्याकडून ऐक. योगायोग नव्हता. तुझ्या जहाजाचं नाव मी डिसेंबरात ओसरीत बसून ऐकलं. नागपूरले गेलो आणि गजेंद्रले म्हणलं, माझा डब्बा याच जहाजात लाव. तो हसला. म्हणला, "जहाज म्हणजे काय लालबर्र्याची बस हाये का, कंडक्टरले सांगून खिडकीची सीट पकडायले?" मी म्हणलं, पकड. त्यानं पकडली.

मले ठिपका पाहिजे होता. तीन वर्षं तू कुठल्या पाण्यात आहे ते मी दारामागून ऐकत आलो. नुसताच बाप दिवसभर ठिपका पाहत बसला तर लोक विचारतात, काय पाहता, बोलत काहून नाही मग पोरीशी. डब्बा असला की कोणी विचारत नाही. व्यापारी आहे, माल पाहून राह्यला.

तर डब्बा उतरवला नाही. राजेंद्रभाई माल परत पाठवेल असं दिसते. उशिराही पोचला आणि वर गोळाही होते, तो घेईल काहून? माझा पहिला डब्बा परत येईल, आणि लालबर्र्याच्या बैठकीत पुढची चार वर्षं त्याचीच चेष्टा करत चहा पितील. बाहेरचा दरवाजा एकदा बंद झाला की पुन्हा लवकर उघडत नाही, हे मले समजते. समजूनच नाही म्हणलं. तू त्या जहाजावर आहे तोवर माझा डब्बाही आहे.

खरं बोल म्हणली, बोललो.

सुखराम


बालाघाट, १२ जून

मयुरी,

तुझा मेसेज सरळ माझ्या फोनवर आला. म्हणजे तू मले उघडलं. "चावल का क्या हुआ?" एवढंच होतं, आणि मी "बरा आहे" एवढंच टाकलं, कारण बोटं जाड, अक्षरं बारीक. आता सविस्तर ऐक.

तुमचं जहाज इंग्लंडले लागलं, डब्बा उतरला, लेस्टरले गेला. राजेंद्रभाईनं फोन केला. आवाज थंड. "सुखरामभाई, माल आया है, लेकिन मेरा मन नहीं है. खोलूँ या ऐसे ही लौटा दूँ?"

मी म्हणलं, "भाई, एक मेहेरबानी करा. घर ले जाओ थोड़ा, पकाओ, और फोन चालू रखो. मी ऐकतो."

"चावल सुनोगे?"

"हौ, ऐकतो."

त्याले गंमत वाटली असेल, तयार झाला. संध्याकाळी फोन लावला. तिकडे त्याच्या बायकोनं पातेलं ठेवलं. इकडे मी, तुझी माय, दुर्गाबाई, तिघं जण ओसरीत फोनभोवती, जशी काही कोणाची सोयरीक चालली आहे. मध्येच त्याची बायको म्हणली, "आ कोण छे फोन मां?" तो म्हणला, "चावलवाला." ती हसली. मग पाण्याची उकळ ऐकू आली, मग झाकण, मग काहीच नाही. दुर्गाबाई पुटपुटली, "शेठ, वीट तयार होऊन राह्यली."

मग चमचा भातात गेला.

गिचका भात चमच्याले धरून ठेवते, सुटताना चपकन आवाज करते. त्या आवाजाची मी वाट पाहत होतो. तो आला नाही. चमचा गेला आणि बाहेर आला, मधी नुसतं सुरसुर, वाळलेल्या पानावरून धान सरकावं तसं. त्यानं पुन्हा चमचा घातला. पुन्हा सुरसुर. राजेंद्रभाईनं तोंड उघडायच्या आधीच मले समजून गेलतं.

"सुखरामभाई," तो म्हणला, "ये तो पुराना चावल है. दाना दाना अलग. आपने बताया क्यों नहीं? मैं तो समझा था नया ठूँस दिया होगा."

मी म्हणलं, "भाई, तुम्हारे लिए रखवाया था."

यात खोटं काय? रखवायाच होता. तुझ्या जहाजावर. हिवाळ्यात भरलेला माल आफ्रिकेच्या उन्हात, बंद डब्ब्यात, डर्बनच्या बंदरात उभ्या उभ्या जुना झाला. गोदामात ठेवला असता तरी एवढा चांगला मुरला नसता. वास थोडा कमी झाला म्हणते, पण आहे. लवकरच्या जहाजानं गेला असता तर गोळा घेऊन परत आला असता. डर्बनले हौ म्हणलं असतं तरी अर्धाकच्चाच पोचला असता. मी तांदळासाठी काहीच केलं नाही, जे केलं ते ठिपक्यासाठी केलं, आणि तांदूळ सुधरून गेला. राजेंद्रभाईनं पुढची ऑर्डर दिली आहे आणि वर म्हणते, "बस, ऐसा ही पुराना भेजना."

गजेंद्र विचारते, पुढच्या खेपी कोणतं जहाज. मी म्हणलं, कोणतंही. आता वळसा गोदामातच घालून पाठवू. तो म्हणते, "काकाजी, तुमच्या डोक्याले मानलं बुवा, आधीपासूनच ठरवलं होतं ना हे सगळं?" मी नुसतं हसलो. लालबर्र्याच्या बैठकीतही हीच गोष्ट फिरून राह्यली आहे, सुखरामनं तांदूळ मुद्दाम लांबून नेला. फिरू दे. खरं काय ते आपल्या घरात राहू दे.

तुझी जहाजावरची ड्यूटी संपून राह्यली, घरी येते असं मायले म्हणली. दार उघडं होतं, मी ओसरीतही नव्हतो, तिच्या बाजूलेच बसून ऐकत होतो.

या खेपी स्टेशनवर येईन.

बाबा


बालाघाट, २ जुलै

मयुरी,

हे पत्र पाठवायचं नाही, ताटाजवळ ठेवायचं आहे. तू वर झोपली आहे आणि मी खाली लिहून राह्यलो. एवढ्या जवळून पत्र लिहायची मले सवय नाही, अक्षर थोडं तिरपं गेलं तर समजून घे.

काल स्टेशनवर मी तुले पाहिलं, आणि जे बोलायचं ठरवून आलतो ते सगळं विसरलो. तू पाया पडली, मी म्हणलं, "गाडी टाइमावर आली." तूही म्हणली, "हौ, टाइमावर आली." मग आपण दोघंही गाडीचंच बोलत राहिलो, फाटक येईपर्यंत. माय मागच्या सीटवरून म्हणली, "झालं का तुमचं रेल्वेचं? आता माणसाचं बोला." मले फार हायसं वाटलं. मोठं काही बोललो असतो तर एखादा शब्द वाकडा गेला असता.

गिरणीपाशी तू गाडी थांबवायले लावली. खाली उतरून बोर्ड पाहत राहिली. मीही उतरून तुझ्या मागं उभा राहिलो.

"बाबा, रंग उडाला याचा."

मी म्हणलं, "काढून टाकू का?"

"काहून? रंग मारा." मग म्हणली, "पण लांजीवाल्याले खरेदीले गेली असं सांगू नका. बेटी जहाजावर हाये म्हणून सांगा."

ते खरेदीचं मी तुले पत्रात लिहिलतं, ते तू लक्षात ठेवलं. आज सकाळीच तो लांजीवाला आला होता. सांगितलं त्याले. म्हणलं, "बेटी जहाजाची इंजिनियर आहे. तिच्याच जहाजात आपला तांदूळ जाते." तो बोर्डाकडे पाहत राहिला. म्हणला, "तो फिर सही लिखा है."

थंडी पडायच्या आधी तू परत जाशील, हेही ऐकलं. दारामागून नाही, तू तोंडावरच सांगितलं. जा. लांबूनच जा. ठिपका माझ्या फोनवर आहे, आणि आता पाहायले डब्बा लागत नाही.

दुपार कलून राह्यली, गिरणी सुरूच आहे. दुर्गाबाईनं चिन्नोर शिजवला आहे, डब्ब्यासोबतचाच, घरी उरलेल्या पोत्यातला. तो न हलता इथंच जुना झाला. ताटात उपडा केला तर वाटी उभी राहिली नाही, दाणे पसरले. दुर्गाबाई म्हणते, भिंतीचं काम गेलं. ताटं मांडली आहेत, तुझी वाट पाहून राह्यलो. मायनं सगळ्यायले बजावून ठेवलं आहे, पोरगी महिन्या-महिन्याची थकलेली आहे, कोणी उठवायचं नाही, कोणी हाक मारायची नाही, जिन्यावर पाय वाजवायचा नाही.

मी उठवत नाही. हाक मारत नाही. जिन्याकडे तर फिरकतही नाही.

मी फक्त गिरणीत जाऊन मोटर बंद करून येतो.

बाबा